सियागंजशेठ, भिलकवडी बाकी आहे

श्रीमान सियागंजशेठ यांस,



इकडील सर्व क्षेम. तुमचंही बरं चाललं असणार, हे मला विचारावं लागत नाही. परवा पटेल पुलावरून येत होते. तुमच्या, म्हणजे इंदूरच्या सियागंज बाजाराच्या, तोंडाशी हातगाड्या आणि लोडिंग रिक्षा एकमेकींत अडकल्या होत्या, हम्माल ‘बाजू, बाजू’ ओरडत पाठीवर पोतं घेऊन वाट काढत होते, आणि लाल मिरचीचा ठसका थेट पुलावर येऊन नाकात शिरला. तुमची तब्येत ठणठणीत असल्याचं याहून पक्कं प्रमाणपत्र इंदूरकराला लागत नाही.

पत्रास कारण की, तुमच्या घरी नवी वाट येते आहे. 2 सप्टेंबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड-इंदूर रेल्वेमार्ग मंजूर केला, हे तुमच्या पेढ्यांवर माझ्याआधीच कळलं असणार. 309 किलोमीटरचा मार्ग, 18,036 कोटी रुपये खर्च, 30 नवी स्थानकं. पिढ्यान्‌पिढ्या आपण मराठी इंदूरकर माहेरी, सासरी, लग्नाला, मुंजीला जायचं म्हटलं की रात्रभर बसमध्ये अंग आंबवत धुळे गाठतो. आता धुळे, शिरपूर, सेंधवा असा रूळ सरळ येईल. नाशिकचा कांदा आणि मुंबईच्या बंदरातला माल तुमच्या दाराशी लवकर उतरेल. दुसरीकडे दाहोदचा मार्गही धार-झाबुआकडे सरकतो आहे. त्याची पायाभरणी 2008 मध्ये झाली होती. उशीर झाला खरा, पण गाडी येईल. मला मनापासून आनंद आहे, आणि तुमचं अभिनंदन.

अभिनंदन करून झालं, आता मुद्द्याचं बोलते. हे दोन्ही रूळ कुणाच्या अंगणातून येणार आहेत, याचा विचार तुम्ही केला आहे का? सेंधवा ज्या बडवानी जिल्ह्यात आहे, तिथे 2011 च्या जनगणनेनुसार शंभरातली 69 माणसं आदिवासी आहेत. झाबुआत 87, अलीराजपुरात 89, धारमध्ये निम्म्याहून जास्त. भिल्ल, भिलाला, बारेला, पटेलिया. म्हणजे तुमच्याकडे दक्षिणेहून यायचं किंवा पश्चिमेहून, भिल्लांच्या डोंगरातून आल्याशिवाय वाट नाही. आज नाही, पूर्वीही नव्हती. आणि ही गोष्ट तुमच्या एकाही कमानीवर, एकाही पाटीवर, एकाही पेढीत लिहिलेली मला दिसत नाही. या पत्राचं मूळ तेच आहे.

रागावू नका. तुमचे उपकार मी विसरलेले नाही. आमच्या घरात दिवाळी तुमच्याकडून यायची. आई वर्षाचा मसाला, साबण, नारळ, सगळं तुमच्याकडून घ्यायची, कारण घाऊकात चार पैसे वाचायचे आणि माल ताजा मिळायचा. थंडी पडली की डिंकाच्या लाडवांची यादी निघायची. त्या यादीत डिंक, खारीक, खोबरं, गोडंबी, चारोळी असं सगळं असे, आणि माझं काम पिशवी धरायचं. आई डिंकाचा एक खडा उचलून उजेडात धरायची, दाताखाली फोडायची, मग भाव करायची. चारोळी तळहातावर घेऊन हुंगायची, कारण खवट निघाली तर बासुंदीचं पातेलं वाया. गोडंबी मूठभरच घ्यायची, महाग म्हणून.

त्या दुकानात प्रत्येक पोत्याला आपलं गाव होतं. मिरी केरळची, धणे कुंभराजचे, बेदाणा सांगलीचा, हिंग हाथरसचा, मिरची आमच्या निमाडातल्या बेडियाची. दुकानदार अभिमानाने सांगायचा आणि त्या गावाच्या नावावर भाव चढायचा. एकदा मी चारोळीच्या पोत्यावर हात ठेवून विचारलं, ‘और ये कहाँ की?’ तो सहज म्हणाला, ‘ये तो जंगल का माल है, बेटा.’ डिंक? जंगल का. गोडंबी? जंगल की. ज्या लाडवाने आमच्या घरातल्या प्रत्येक बाळंतिणीला ताकद दिली, त्यातले तीन जिन्नस गावाशिवायचे आणि माणसांशिवायचे होते. दुकानदाराने काही चुकीचं केलं नाही, जे सगळे म्हणत तेच तो म्हणाला. पण शेठ, जंगल चारोळी सोलत नाही.

चारोळी कशी होते ते तुमच्या गादीवर बसलेल्यांपैकी किती जणांनी पाहिलं आहे? चैत्र-वैशाखात चाराच्या झाडाला काळपट जांभळी, बोराहून लहान फळं येतात. उन्हाच्या आधी बाया आणि पोरं जंगलात शिरतात, फळं टोपलीत गोळा करतात. रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी हाताने आणि दगडावर चोळून साल-गर काढायचा. आतली कडक गुठळी उन्हात वाळवायची. मग ती दगडाच्या जात्यात अशा बेताने फिरवायची की कवच फुटेल पण आतला दाणा चिरडणार नाही. शेवटी सुपात पाखडायची. तेव्हा कुठे तो मसुरीएवढा दाणा निघतो, जो आपण श्रीखंडावर चिमटीने भुरभुरतो. पुष्कळदा तर गुठळीच बाजाराच्या दिवशी व्यापाऱ्याला विकली जाते, दाणा पुढे यंत्रावर निघतो, आणि किमतीतली मोठी उडी गुठळी विकल्यानंतर पडते. डिंकासाठी धावड्याच्या खोडाला छेद देऊन दिवसेंदिवस वाट पाहावी लागते. गोडंबी तर बिब्ब्याची. बिबा फोडताना त्याचं तेल हाताला लागलं की कातडी भाजून निघते, फोड येतात. ते फोड आलेले हात भिल्लांचे, कोरकूंचे, गोंडांचे, पोटासाठी हेच काम करणाऱ्या इतर गरीब बायांचे. लाडवात त्यांचा वाटा आहे. यादीत त्यांचं नाव नाही.

तुम्ही म्हणाल, ‘बाई, बाजार असाच चालतो. माल येतो, माल जातो.’ नाही शेठ. तुमचाच बाजार एके काळी असा चालत नव्हता. तुम्हाला तुमच्याच राजघराण्याची एक गोष्ट सांगते, कारण होळकरांच्या छायेत वाढलेल्या तुम्हाला ती माहीत असायलाच हवी.

अहिल्याबाई महेश्वराहून राज्य करत होत्या तेव्हा बैलांच्या पाठीवर लादलेला माल विंध्य आणि सातपुड्याच्या घाटांतून वर-खाली व्हायचा. घाट भिल्लांचे. वाट सुरक्षित ठेवायची तर त्यांना विचारल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. बाईंनी आधी समजुतीने घेतलं, काही ठिकाणी सक्तीही केली. पण शेवटी जे ठरलं ते महत्त्वाचं. भिल्लांच्या डोंगरातून जाणाऱ्या मालावर एक लहानसा कर घेण्याचा त्यांचा जुना हक्क बाईंनी मान्य केला. त्याला भिलकवडी म्हणत. त्याच्या बदल्यात भिल्लांनी पडीक जमीन कसायची, आणि आपल्या हद्दीत व्यापाऱ्याचा माल चोरीला गेला तर तो शोधून परत द्यायची जबाबदारी घ्यायची. हे सर जॉन माल्कमने 1823 मध्ये छापलेल्या आपल्या मध्य हिंदुस्थानवरच्या ग्रंथात लिहून ठेवलं आहे. माल्कम इंग्रजांचा सेनानी. त्यालाही ही व्यवस्था नोंदवावीशी वाटली.

जरा थांबून या व्यवस्थेकडे पाहा. भिलकवडी हे दान नव्हतं, भिल्लांच्या भीतीने दिलेली खंडणीही नव्हती. राज्याने मान्य केलेला तो एक हक्क होता, त्याच्यापाठोपाठ जबाबदारी होती, आणि व्यापाऱ्याला तो हिशेबात धरावाच लागे. ‘ही वाट तुमच्या मुलखातून जाते, हे आम्हाला मान्य आहे,’ हे वाक्य प्रत्येक लादलेल्या बैलामागे पैशात लिहिलं जात होतं. आज आपण मोठमोठी भाषणं करतो, पण एवढं साधं वाक्य म्हणत नाही.

महूच्या पुढे, विंध्याच्या अगदी कडेवर जाम दरवाजा आहे. 1791 चा, अहिल्याबाईंनी बांधलेला. पावसाळ्यात आपलं अर्धं इंदूर तिथे जातं. कमानीखाली उभं राहिलं की खाली निमाड पसरलेलं दिसतं, ढग पायाखालून जातात, लोक भुट्टे खातात, फोटो काढतात. अहिल्याबाईंचं नाव सगळे घेतात, घ्यावंच. पण त्या दरवाजातून जाणाऱ्या मालाची राखण डोंगरात कोण करत होतं, हे कुणी पोराबाळांना सांगत नाही. दरवाजा दगडाचा, तो राहिला. भिलकवडी कागदावर होती, ती गेली.

ती गेल्यावर काय झालं, तेही ऐका. इंग्रज आले, घाटांचे हक्कदार त्यांच्या दफ्तरात हळूहळू चोर-दरोडेखोर ठरत गेले. सेंधवा घाटाची राखण करणारा खाज्या नाईक 1857 मध्ये त्याच मुलखात इंग्रजांविरुद्ध उभा राहिला. त्याच्या जोडीला भीमा नाईक. 1858 मध्ये सातपुड्यातल्या अंबापाणीला लढाई झाली. भीमा नाईक शेवटी अंदमानात काळ्या पाण्यावर गेला, तिथेच मेला. ज्या सेंधव्याला उद्या तुमचा रूळ येणार आहे ना, ते हेच सेंधवा.

मग रेल्वे आली. 1870 च्या दशकात खंडव्याहून इंदूरला रूळ यावा म्हणून तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं, 101 वर्षांच्या मुदतीने, साडेचार टक्के व्याजाने. त्या रुळामुळे इंदूरचा व्यापार फोफावला, आणि स्टेशनाला खेटून तुम्ही फुललात. तुमचा जन्मच रुळाशी जोडलेला आहे. त्याच वर्षांत, त्याच निमाडात, एक माणूस सावकारांची घरं लुटून गरिबांना धान्य वाटत हिंडत होता. 1878 मध्ये खंडव्याच्या तुरुंगातून निसटला आणि पुढे अकरा वर्षं सापडला नाही. लोक त्याला मामा म्हणत. इंग्रजांसाठी तो दरोडेखोर, आदिवासींसाठी तंट्या मामा. 1889 मध्ये विश्वासघाताने पकडला गेला. त्याला आधी आपल्याच इंदूरला, इंग्रजांच्या रेसिडेन्सीच्या हद्दीतल्या सेंट्रल इंडिया एजन्सीच्या तुरुंगात ठेवलं, मग जबलपूरला नेलं. त्याच्या अटकेची बातमी अमेरिकेत न्यूयॉर्क टाइम्सने 10 नोव्हेंबर 1889 ला छापली. 4 डिसेंबरला फाशी झाली. त्याचा देह त्याच रेल्वेमार्गावरच्या पातालपाणीला रुळांजवळ टाकला, असं लोक सांगतात. तिथे त्याचं ठाणं आहे. मीटरगेज होता तेव्हा घाट उतरण्याआधी प्रत्येक गाडी तिथे थांबायची. रेल्वेवाले म्हणायचे, ब्रेक तपासायला. गाडीत बसलेले आदिवासी हात जोडायचे आणि म्हणायचे, मामाला सलामी द्यायला. मी दोन्ही खरं मानते. उतार तीव्र होता, आणि मामाही तिथे होता.

आता तुम्ही म्हणाल, आपल्या शहराने हे मानलं की. मानलं, आणि त्याबद्दल मी शहराचे आभार मानते. 2021 मध्ये भंवरकुआँ चौकाला तंट्या मामांचं नाव मिळालं. तिथे पुतळाही बसला. पातालपाणी स्टेशनालाही त्यांचं नाव द्यायचं जाहीर झालं. चांगलं झालं. ज्यांनी हे मागितलं आणि ज्यांनी दिलं, दोघांचंही भलं होवो. पण शेठ, एक गोष्ट मनाला लागते. आपण आदिवासी माणसाला मान देतो तो एकतर फासावर गेल्यावर, नाहीतर होळीआधीच्या भगोरिया जत्रेत नाचताना. राखण करणारा, जमीन कसणारा, माल गोळा करणारा, विटा उचलणारा, परीक्षेचा अभ्यास करणारा भिल्ल आपल्याला दिसत नाही. मेलेला दिसतो, रंगीत कपड्यातला दिसतो, रोजचा दिसत नाही.

आणि तो रोजचा इथेच आहे. काहीजण म्हणतात, आदिवासी झाबुआचे, इंदूरशी त्यांचा काय संबंध? हे वाक्य मी चांगल्या शिकलेल्या घरांत ऐकलं आहे, म्हणून तुम्हाला लिहायला घेतलं. 1 जुलै 1857 ला इंग्रजांविरुद्ध उठलेल्या सादत खानाने रेसिडेन्सीवर चाल केली तेव्हा आत मालवा भिल कोअरचे शिपाईही होते. रेसिडेन्सी तुमच्या स्टेशनापलीकडेच. म्हणजे दीडशे वर्षांहून आधीपासून भिल्ल तुमच्या वेशीत आहेत. आज इंदूरची कुठलीही उंच इमारत बांधली जाताना खाली निळ्या ताडपत्रीच्या झोपड्या पाहा. झाबुआ, अलीराजपूर, धारहून आलेली कुटुंबं असतात. बाई घमेलं डोक्यावर घेऊन जिना चढते, तिचं मूल वाळूच्या ढिगावर खेळतं. होळीच्या आधीचा आठवडा लागला की साईटी ओस पडतात, ठेकेदार डोक्याला हात लावतात, आणि गंगवाल बसस्टँडवर धार-झाबुआच्या गाड्यांच्या टपापर्यंत माणसं. भगोरियाला निघालेली. कमावलेल्या पैशातून नवे कपडे घेतलेले, एकाच घरच्या मुलींनी एकाच रंगाचे. कुणाच्या हातात मोबाइल, कुणाच्या कमरेला चांदी, आणि चेहऱ्यावर घरी चाललेल्या माणसाचा आनंद. ज्या आठवड्यात ते जातात त्या आठवड्यात शहर किती त्यांच्यावर उभं आहे ते कळतं.

भंवरकुआँलाच पाहा. पुतळ्याच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्या आहेत. बडवानीची, अलीराजपूरची, खरगोनची पोरं-पोरी एकेका खोलीत तिघे-चौघे राहून अभ्यास करतात. रात्री खोलीवर भात शिजवतात. ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा 1996 चा, मध्य प्रदेशाचे त्याचे नियम 15 नोव्हेंबर 2022 चे, वनहक्क कायदा 2006 चा, हे सगळं त्यांना तोंडपाठ असतं, कारण परीक्षेत येतं, आणि घरी उपयोगी पडतं. गौण वनोपजावरचा मालकी हक्क वनहक्क कायद्याने त्यांच्या आईवडिलांना दिला आहे. म्हणजे शेठ, ज्याला तुमच्या पेढीवर ‘जंगल का माल’ म्हणतात, त्याला कायद्याने मालक आहे. तुमचा शब्द बदलायची वेळ झाली.

आपल्या सातपुड्यापलीकडच्या भावांचीही आठवण काढते. नंदुरबारच्या काठी गावची होळी पाहायला महाराष्ट्रातले लोक हौसेने जातात. तेच लोक, तेच डोंगर, मधे राज्याची रेघ 1956 ची आणि 1960 ची. नवा रूळ ती रेघ ओलांडून येईल. दोन्ही बाजूंचे मराठी बोलणारे आपण त्या रुळावरून जाऊ. खिडकीतून दिसणारा मुलूख कुणाचा, हे ज्याला-त्याला आपल्या लेकराला सांगता आलं पाहिजे. आणि झाबुआकडच्या रस्त्याने कधी गेलात, तर कडेला रंगवलेले दगड दिसतील, घोड्यावर बसलेला माणूस कोरलेले. ते गातले. अवेळी गेलेल्या माणसांच्या स्मरणाचे. भिल्ल आपली माणसं विसरत नाहीत, त्यांना आपल्या जमिनीवर उभं करून ठेवतात. लिहून ठेवायची राहिली ती आपली बाजू.

जगात इतरत्र काय चाललं आहे तेही सांगते, म्हणजे मी काही जगावेगळं मागते असं वाटणार नाही. ऑस्ट्रेलियात आता सभा सुरू करताना, शाळेत, संसदेतसुद्धा, ‘आपण ज्या भूमीवर जमलो आहोत ती अमुक लोकांची’ असं म्हणायची रीत पडली आहे. संयुक्त राष्ट्रांनी 2007 मध्ये मूळ रहिवाशांच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. 9 ऑगस्टला अलीराजपूर-झाबुआत आदिवासी दिवसाच्या मिरवणुका निघतात, त्या याच साखळीतल्या. पण नुसतं वाक्य म्हणून मोकळं होणं मला पुरेसं वाटत नाही, आणि तिथल्या मूळ रहिवाशांतल्या अनेकांनाही वाटत नाही. आपल्याकडे त्याहून जुनी आणि त्याहून भक्कम रीत होती. बाईंच्या राज्यात ओळख शब्दाने नव्हे, हिशेबाने दिली जायची. म्हणून मी परदेशातलं काही आणा म्हणत नाही. आपलंच परत आणा म्हणते.

आता विनंती. चार आहेत, आणि चारही तुम्हाला सहज जमतील अशा.

पहिली, पाटीची. तुमच्या मुख्य तोंडाशी एक दगडी पाटी लावा. तिच्यावर भिलकवडीची हकीकत लिहा: कुणाचा हक्क, कुणी मानला, बदल्यात कुणी काय सांभाळलं. मजकूर तुम्ही लिहू नका, मीही लिहिणार नाही. भंवरकुआँच्या त्या मुलांना बोलवा, त्यांच्या गावच्या पटेल-पुजाऱ्यांना विचारायला सांगा, आणि त्यांचं म्हणणं भिली-भिलालीत, हिंदीत आणि मराठीत कोरा. त्यांनी जे सांगितलं ते आपल्याला गोड वाटेलच असं नाही. सक्तीचीही गोष्ट निघेल, सावकारीचीही निघेल. ती कोरायची.

दुसरी, पोत्याची. चारोळी, डिंक, गोडंबी, मोह, मध यांच्या पोत्यावर ‘जंगल’ लिहिणं थांबवा. कुठल्या जिल्ह्याचं, शक्य असेल तर कुठल्या ग्रामसभेचं, ते लिहा. कुंभराजच्या धण्याला नावामुळे भाव येतो, तर चारोळीलाही येईल. भाव आला की पहिला प्रश्न पडेल, त्यातला किती तिथे पोचला? तो प्रश्न पडू द्या. त्या प्रश्नाला तुम्ही घाबरावं असं काही नाही, तुम्ही व्यापारी आहात, हिशेब देणं तुमचा धर्म आहे.

तिसरी, रुळाची. नव्या मार्गावर 30 स्थानकं येणार. तुमच्या व्यापारी संघटनांचा शब्द रेल्वेकडे चालतो. तो शब्द यासाठी खर्च करा की त्या स्थानकांवर तिथल्या पाड्यांची नावं राहावीत, पाट्यांवर भिली-भिलाली असावी, खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांची हकीकत सेंधव्याच्या फलाटावर वाचायला मिळावी. जमीन ज्यांची गेली त्यांना मोबदला आणि मान दोन्ही वेळेवर मिळावा, हेही बोला. तुमच्या मालासाठीच तो रूळ आहे, म्हणून हे तुम्हीच बोलायला हवं.

चौथी विनंती सगळ्यांत महत्त्वाची, आणि ती मी हात जोडून करते. तुमच्या बिलांत धर्मादा लावायची जुनी रीत आहे. गोशाळा, धर्मशाळा, अन्नछत्र, सगळं त्या चार पैशांतून उभं राहिलं, त्याबद्दल तुम्हाला कितीही धन्यवाद दिले तरी थोडे. त्याच बिलात धर्माद्याखाली एक ओळ वेगळी उघडा: भिलकवडी. पोत्यामागे काही पैसे. ते जमवून इमारतींच्या साईटीवरच्या पोरांसाठी पाळणाघर चालवा, भंवरकुआँच्या मुलांसाठी वाचनालय उघडा, चारोळी सोलायचं यंत्र एखाद्या ग्रामसभेच्या हाती द्या. कशावर खर्च करायचा ते त्यांनाच ठरवू द्या. पण कृपा करून ती ओळ धर्माद्यात मिसळू नका. धर्मादा आपल्या मनाचा मोठेपणा असतो. भिलकवडी देणं आहे. जुनं, मान्य केलेलं, मधे थकलेलं देणं.

तुम्हाला हिशेब कळतो म्हणून तुम्हालाच लिहिलं. पुतळे बसवायला सरकार आहे, भाषणं करायला पुढारी आहेत. पण कुणाचं काय येणं आहे हे कागदावर आणायचं काम बाजाराचं. येत्या लक्ष्मीपूजनाला तुमच्या पेढ्यांवर नव्या वह्या उघडतील, कुंकवाने स्वस्तिक काढाल, शुभ-लाभ लिहाल. त्याखालची पहिली नोंद भिलकवडीची असू द्या, पहिल्या मालगाडीच्या आधी. रक्कम कितीही लहान चालेल, नाव मात्र पूर्ण लिहा.

उत्तराची वाट पाहते. घरच्या हम्मालांना, मुनीमजींना आणि चहावाल्यांना माझा नमस्कार सांगा. लहानांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपली,
तुमच्याच चारोळीवर वाढलेली एक इंदूरकर